गुडघ्याची वाटी

कपडे शिवून तिने दोन मुली शिकवल्या, उजवल्या आणि नवऱ्याचं शब्दांचं वेडही पोसलं. नवरा शब्दकोशाच्या कचेरीत होता. निवृत्त झाला, पण कचेरी काही डोक्यातून जाईना. गल्लीत त्याला कोशकाका म्हणत आणि तो खूशही व्हायचा.

गुडघा दुखायला लागला तेव्हा तिने ते त्याला सांगितलं. तिथेच चुकलं तिचं.

“पटेला,” तो म्हणाला. “मूळ लॅटिन. म्हणजे छोटी थाळी. फ्रेंच माणूस तिला छोटं चाक म्हणतो, जर्मन चकती, इंग्रज टोपी. आणि आपण वाटी. थाळी काय, वाटी काय, दोघांनाही स्वयंपाकघरच सुचलं बघ.”

“अहो, मला जिना उतरवत नाही.”

“हो, पण गंमत आहे की नाही?”

तिचा नुसता संताप झाला. पुढे तर आल्यागेल्याला चहाआधी ही वाटी मिळू लागली. दुखरा पाय चालेना, म्हणून ती एकाच पायाने मशीन मारायला लागली. टीप वाकडी पडते हे गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं. मशीनला टेकून वाचत बसणाऱ्या माणसाच्या नाही.

ऑपरेशन केलं नाही तर मशीन कायमचं बंद, इथवर वेळ आली. डॉक्टरांसमोर तिच्या तोंडून ‘तसं बरं आहे’ एवढंच निघायचं. म्हणून तिने त्याला सोबत नेलं. घरातले हाल त्याने सांगावेत, एवढीच अपेक्षा.

“काका, तुम्हीच सांगा, कसा त्रास होतो यांना?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

त्याने थाळीपासून सुरुवात केली. चाक झालं, चकती झाली, टोपी झाली. बाई हसल्या. तीही कसनुशी हसली, आतून मात्र धुमसत होती.

“छान. आणि दुखतो कुठला गुडघा?”

“डावा,” तो लगेच म्हणाला.

इतकी वर्षं तिला त्याचा राग यायचा. आता रागही येईना, नुसतं एकटं वाटलं.

“उजवा,” ती म्हणाली. मग सगळं तिनेच सांगितलं. संडासातून उठताना भिंत धरावी लागते. कूस बदलताना ओरडू नये म्हणून उशी चावते. दळण आणायला जाते आणि वाटेत परक्यांच्या पायऱ्यांवर बसते.

तो शेजारी बसून ऐकत होता. त्यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं.