बास्तियाँचा तुकडा

सकाळी चूल पेटवण्याआधी सेलेस्तीनमाय स्वयंपाकघरातलं फडताळ उघडायची, वरच्या खणातल्या पांढऱ्या फडक्याचा कोपरा उचलायची, वाकून वास घ्यायची आणि दार लावायची. मग कॉफी. आमच्या दोन घरांमध्ये एक अरुंद बोळ होता. तीन वर्षं मी माझ्या शिवणाच्या खिडकीतून हे रोज पाहिलं.

फडक्यात टार्टचा एक तुकडा होता. तिच्या मुलाच्या, बास्तियाँच्या वाटणीचा.

आमच्या किनाऱ्यावर घरोघरी हे असतं. जानेवारीत, तीन राजांच्या सणाला नासपती आणि बदामाचा टार्ट होतो. पहिला तुकडा समुद्रावर असलेल्या माणसाचा. तो फडताळात राहतो. वाळून दगड झाला तरी हरकत नाही, माणूस परत आला की सफरचंदाच्या दारूत, सायडरमध्ये, बुडवून खातो. पण बुरशी धरली, तर बायका काही न बोलता काळे कपडे बाहेर काढतात.

सेलेस्तीनमायच्या टार्टची चव गावात दुसऱ्या कुणाच्या हाताला नव्हती. लाटणं तिच्या घरात नव्हतंच. लोणी घातलेलं पीठ ती बोटांनीच साच्यात थापायची, म्हणून कडेला नेहमी तिच्या अंगठ्याचे ठसे असत. बदाम गरम पाण्यात टाकून चिमटीत दाबले की सालीतून सटकन निघत. ते साखरेबरोबर खलबत्त्यात कुटायचे, त्यात अंडं आणि लोणी, आणि एक, फक्त एक, कडू बदाम. या सारणावर सायडरमध्ये शिजवलेल्या नासपतीच्या फोडी. "भट्टीकडे बघत बसू नये," ती म्हणायची, "वास स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला की काढायचा."

चूक झाली ती बास्तियाँ समुद्रावर गेला त्या वर्षीच्या सणाला. नवरा खलाशी; तो जिवंत होता तोवर वर्षानुवर्षं ती पहिला तुकडा बाजूला काढत आली होती. त्या दिवशी हात सवयीने चालला. तिने तुकडा कापला, फडक्यात गुंडाळला, "बास्तियाँचा," म्हणाली आणि फडताळाकडे वळली. बास्तियाँ टेबलापाशी बसलेला होता.

"आई, मी इथंच आहे की गं!" तो हसला. "उपाशी मारतेस का मला?"

कुणीच हसलं नाही. त्याची बायको आर्लेत माझी मैत्रीण. तिने टेबलाखाली माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. बास्तियाँलाच मग सगळ्यांची दया आली असावी. "राहू दे आता. आल्यावर खाईन."

फेब्रुवारीत तो न्यूफाउंडलंडकडे कॉड मासे पकडायला गेला. जूनमध्ये त्याची छोटी होडी धुक्यात जहाजापासून सुटली. शरदात जहाज परतलं, ते त्याच्याविना.

तुकड्याला मात्र काहीच झालं नाही. बुरशी नाही, आणि तो वाळलाही नाही. बोटाने दाबला तर खाली जायचा आणि परत वर यायचा.

तिसऱ्या वर्षी जाळी विणणाऱ्या गास्ताँने आर्लेतला मागणी घातली. माणूस चांगला होता, तिला आवडायचाही. "समुद्रात मृत" असा कागद कचेरीने दिला होता. पण पाद्रीबाबा म्हणाले, बास्तियाँच्या आईच्या तोंडून तो गेल्याचं ऐकल्याशिवाय मी लग्न लावणार नाही. आणि आई म्हणायची, "फडताळ उघडून बघ, पोरी. मेलेल्याचा तुकडा असा असतो का?"

"आई गुपचूप बदलते तो," आर्लेत मला म्हणाली. "दर आठवड्याला नवा भाजत असेल."

"वास नसता आला मला? बोळाच्या पलीकडे तर बसते."

"मग तूच सांग, कसा टिकतो!"

सेलेस्तीनमाय रविवारच्या प्रार्थनेला गेली तेव्हा मी सुईत लाल दोरा ओवला आणि तुकड्याच्या बुडाला एक टाका घातला. आठ दिवसांनी, पुढच्या रविवारी, आर्लेतला घेऊन पुन्हा पाहिलं. टाका जिथल्या तिथे होता. तुकडा मऊ होता. फोडींवर ओल चकाकत होती, नुकत्याच कापल्यासारखी.

आर्लेत खुर्चीवर बसली. मग सासू घरी आल्यावर, टोपीच्या गाठी सोडायलाही वेळ न देता म्हणाली, "आई, मी गास्ताँला नाही म्हणून सांगते. बास्तियाँ जिवंत आहे. मी थांबते."

ऐकून सेलेस्तीनमायला आनंद व्हायला हवा होता. तिने सुनेकडे पाहिलं. आर्लेत तेव्हा सव्वीस वर्षांची होती. माझ्या डोळ्यांसमोर म्हातारीचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला हाक मारली. "लुसील, कंदील घे. तळघराच्या पायऱ्या निसरड्या आहेत."

तिच्या हातात ते फडकं होतं. तळघरात सफरचंदं सडत पडली होती, भिंती पाझरत होत्या. फडकं सोडून तिने तुकडा नुसताच ओल्या विटेवर ठेवला.

"माय, काय करताय?"

"आर्लेतला यातलं काही सांगायचं नाही." तिने हात ॲप्रनला पुसले. "जे मला तोंडाने सांगता येत नाही, ते यालाच सांगू दे."

दहा दिवसांनी आम्ही पुन्हा उतरलो. शेजारच्या सफरचंदांवर बोटभर करडी लव वाढली होती. विटेवरही. ती लव तुकड्याच्या चारी बाजूंनी येऊन थांबली होती, अगदी रेघ आखल्यासारखी.

मी कंदील आणखी जवळ नेला.

"हट्टी," सेलेस्तीनमाय म्हणाली. "बापावर गेलाय."

वर येऊन तिने तुकडा टेबलावर ठेवला, सायडर ओतून घेतला आणि बसली. बास्तियाँच्या जागेवर. तिच्या मनात काय आहे ते मला तेव्हा कळलं. दुसऱ्याच्या वाटणीचा तुकडा खायचा नसतो. खाल्ला तर त्या माणसाला परत यायला जागा उरत नाही, असं आमच्याकडे लहान मुलंसुद्धा जाणतात.

"माय, नको."

"मीच कापला होता ना? तो समोर बसलेला असताना? मग मीच संपवायचा."

ती सावकाश खात होती. मध्येच थांबली, दातांतून लाल दोरा ओढून काढला आणि उजेडात धरला.

"हे शिवणकाम तुझंच दिसतंय."

मी खाली पाहिलं.

"टाका तरी सरळ घालायचा," ती म्हणाली आणि उरलेला घास तोंडात टाकला. बराच वेळ चघळला. डोळे कोरडे होते. "ताजा आहे. कडू बदाम मात्र दोन पडलेत." मग उठली, टोपी बांधली. "चल, पाद्रीबाबांकडे. पोरगा गेला म्हणून सांगून येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफीला गेले तेव्हा फडताळाचं दार सताड उघडं होतं. वरचा खण, बाजूच्या फळ्या, दाराची आतली बाजू, सगळं हिरव्या-काळ्या बुरशीने भरलं होतं. तीन वर्षांची बुरशी एका रात्रीत उगवावी तशी. आम्ही दोघींनी ते राखेने आणि उकळत्या पाण्याने घासलं. घासताना आम्ही सशांच्या बाजारभावाबद्दल बोललो, आणि पाद्रीबाबांच्या सर्दीबद्दल.

लग्न मे महिन्यात झालं. ताज्या नासपती नव्हत्या, म्हणून तिने बरण्यांतल्या काढल्या. टार्टचे तुकडे ती भराभर करत गेली, आणि जितकी माणसं टेबलाशी होती, तितक्यांना वाढले. फडताळाकडे ती वळलीसुद्धा नाही. आर्लेतने पहिला घास घेतला आणि रडायला लागली. गास्ताँ बिचारा कावराबावरा होऊन सायडर पीत राहिला.

तीन दिवसांनी सेलेस्तीनमाय भट्टीजवळच्या खुर्चीत बसल्याबसल्याच वारली. दुपारची वेळ होती, मांडीवर वाटाण्याच्या शेंगा होत्या, निम्म्या सोललेल्या. मधल्या दिवसांत ती कुणाशी फारसं बोलली नव्हती. मला आठवतं ते लग्नाच्या संध्याकाळचंच बोलणं. आर्लेत नव्या घरी निघाली होती. उरलेला अर्धा टार्ट म्हातारीने तिच्या हातात दिला, खाली निळ्या काठाची ताटली. आर्लेतला काहीतरी बोलायचं होतं. ती उंबऱ्यापाशी घुटमळली, "आई..." म्हणाली.

"जा आता, गार होतंय," सेलेस्तीनमाय म्हणाली. "आणि ताटली धुवून परत आण. सहाच्या संचातली आहे."