नजरेची रेघ

भूत, आत्मा, करणी... यातलं काहीही मी मानत नाही, आणि हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. आमच्या घरात देवघर नाही, नवस नाही, अंगारा नाही. तलमडुगुच्या सरकारी शाळेत मी गणित शिकवते. आकडा जुळला नाही की आधी माझीच चूक शोधते. या बाबतीत ती अजून सापडलेली नाही.

आम्ही आदिलाबादला राहतो — मी आणि माझे मिस्टर. ते एका ऑफिसात क्लार्क आहेत. आमची मुलगी मैत्री चार वर्षांची असताना गेली, पाच दिवसांच्या तापात. त्यानंतर माझे हात स्वस्थ बसेनात. कणीक मळून झाली तरी मळतच राहायचे. डॉक्टर म्हणाले, हातांना काहीतरी नवीन शिकवा. म्हणून दर रविवारी सकाळी बसनं गुडीहत्नूरला, एका रिटायर्ड ड्रॉइंग सरांकडे जायला लागले. त्यांना मी घरचं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं की लोक आवाज बारीक करून बोलतात...

सरांची पद्धत साधी. पट्टी वापरायची नाही. रोज नुसत्या हातानं पन्नास खोके काढायचे, आणि शेवटी घरातल्या एका जागेचं चित्र — रोज तीच जागा, तेच स्टूल. मी स्वयंपाकघर निवडलं. रविवारी सर लाल पेन घेऊन माझ्या रेघा पुढं वाढवायचे. ओट्याची कड, फळीची कड, डब्यांच्या कडा... सगळ्या जाऊन कुठं भेटतात ते बघायचे. भेटतात ती उंची म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची. तिथून ते एक आडवी रेघ मारायचे. तिला ते 'नजरेची रेघ' म्हणत.

पहिले दोन महिने माझ्या रेघा कुठंच भेटल्या नाहीत. "हात कापून राह्यला मॅडम, खांद्यातून ओढा," एवढंच सर सांगायचे. मग जूनमधल्या एका रविवारी सगळ्या भेटल्या. मला वाटलं, आज शाबासकी मिळणार.

सरांनी कागद जवळ ओढला. "मॅडम, तुमी जमिनीवर बसून काढता का?"

"नाही सर. स्टुलावर."

"हे चित्रातलं दार खरं केवढं आहे?"

"साडेसहा फूट."

त्यांनी पट्टी लावली, हिशोब केला. "स्टुलावर बसलं तर नजर चार फुटांवर पायजे. ही तीन फूट एक इंचावर हाय. अन् या आठवड्याचे साती कागद तसेच." मग भिंतीवरच्या फळीवर बोट ठेवलं. "फळीची खालची बाजू दिसून राह्यली. अन् हे ठिपके कायचे?"

पाच ठिपके, ओळीनं. मीच काढले होते. कधी, ते आठवेना.

"घरी लहान लेकरू हाय का?" सरांनी सहज विचारलं.

मी कागद गोळा केले आणि उठले.

घरी आल्यावर चप्पलही न काढता फळीपुढं गुडघ्यांवर बसले. मान वर केली. फळीच्या खालच्या अंगाला, मागच्या कडेला पाच टिकल्या चिकटवलेल्या. माझ्याच, लाल. एकीचा खडा निघालेला. टाचा उंचावून मैत्रीनं कधी लावल्या, कोण जाणे. त्या फळीवरचे डबे मी रोज काढत-ठेवत होते. वाकून खाली कधी बघितलं नव्हतं.

"काऊन बसली अशी?" मिस्टर दारात आले. मी बोट दाखवलं. तेही शेजारी गुडघे टेकून बसले.

शाळेत नाव घालताना तिची उंची लिहून घेतली होती — तीन फूट चार इंच. डोळे त्याच्या तीन इंच खाली धरा. ही वजाबाकी मी किती वेळा केली, सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. "मन असते मॅडम. हात मनाचं ऐकते," ते म्हणाले. "उभं राहून काढून पाहा." उभी राहून काढलं. उंच खुर्चीवर बसून काढलं. खोके बरोबर यायचे, पण स्वयंपाकघर काढलं की रेघ तिथंच.

मनाचाच खेळ, असं मीही धरून चालले. पण कापूस वेचायच्या दिवसांत एकदा सरांनी पट्टी उचलली आणि पुन्हा लावली.

"रेघ सरकून राह्यली मॅडम."

"खाली?"

"वर."

जुने कागद त्यांनी तारखेप्रमाणे जमिनीवर मांडले. रेघ चढत होती — महिन्याला पाव इंचही नाही, पण कुठंही उडी नाही. जून फिरून आला तेव्हा अडीच इंच भरले.

"दुरुस्त करायची का?" सरांनी विचारलं.

"नको," मी म्हणाले.

मन एका जागी अडकून पडतं, हे मला समजतं. पण मला पत्ता न लागू देता, नुसत्या हातानं काढलेल्या चित्रात, इतक्या बारीक मापानं ते वाढत कसं जाईल? तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर सांगा... नसलं तरी चालेल.

माझ्या ड्रॉइंगबद्दल मिस्टर पूर्वी एक शब्द विचारत नसत. आता रविवारी बस यायच्या आधीच गाडी घेऊन स्टँडवर येऊन उभे असतात. मी उतरले की एवढंच विचारतात, "किती?"

मागच्या रविवारी मी सांगितलं, "तीन फूट साडेचार."

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, हँडलला अडकवली. गाडीला किक मारता मारता म्हणाले, "उंच होऊन राह्यली. तुह्यावर गेली."