धर्माचे जोडे

माझा मामा माणसाकडे आधी खालून बघायचा. चपला-बुटांच्या एकाच दुकानात, बुटक्या तिरक्या स्टुलावर बसून त्यानं एकतीस वर्षं लोकांचे पाय हातात घेतले, त्यामुळे चेहऱ्यांशी त्याचा फारसा संबंधच आला नाही. रस्त्यानं चालताना माझ्या कानाशी त्याची टीका चालू असायची. हा बघ, आठ नंबरचा पाय सातात कोंबलाय आणि म्हणे मोठा वकील. ती बघ, टाच बाहेर लोंबतेय, पण दुकानात सांगितलं तर बाईंना राग आला. त्याच्या मते जगातले निम्मे लोक खोटं बोलायचे आणि उरलेल्या निम्म्यांना स्वतःचा नंबर ठाऊक नव्हता. त्याच्या तोंडून चुकून कुणाचं कौतुक निघालं, तर मामी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघायची.

गुडघे कामातून गेले तेव्हा तो घरी बसला. मी जवळच्याच शाळेत शिकवते, तेव्हा येताजाता त्याच्याकडे चहाला थांबायचे. आमच्या शाळेतली मुलं हातावर पोट असलेल्या घरांतली. आणि जिथं अशी मुलं असतात, तिथं समिती उगवतेच.

आमच्याकडच्या समितीचं नाव आनंद समिती. बाजारातले दुकानदार आणि त्यांचे हौशी स्वयंसेवक हिवाळ्याच्या मोठ्या सुट्टीआधी शाळेत येऊन मुलांना आनंद देऊन जायचे. पहिल्या वर्षी फुगे आणले. प्रत्येक फुग्यावर एका सिमेंटचं नाव. दुसऱ्या वर्षी वह्या आणल्या. मुखपृष्ठावर रंगाच्या दुकानदाराचा फोटो, कारण तो समितीचा अध्यक्ष. मुलांनी महिनाभरात त्याला मिशा, शिंगं आणि चष्मा काढला. तेवढा मात्र खरा आनंद झाला. तिसऱ्या वर्षी समितीनं ठरवलं, यंदा प्रत्येक मुलाला नवे बूट.

बूट द्यायचे म्हणजे ते मामाच्याच जुन्या दुकानातून. थोरले मालक गेल्यापासून दुकान धाकटे मालक बघत होते आणि तेच समितीचे सचिव होते. त्यांनी माझ्याकडे निरोप दिला, की खोकी हाताळायला जाणता माणूस हवा, मामांना पाठवा. मी मामाला सांगितलं. तो म्हणाला, "आनंद वाटायला मला बोलावतायत? तुझ्या मामीला विचार, या घरात मी कधी वाटलाय का."

"एकदा," मामी आतून म्हणाली. "तोही दुसऱ्याच्या घरी द्यायचा होता, पत्ता चुकला."

तरी तो गेला. घरात बसून त्याला कंटाळा आला होता, आणि कंटाळ्यापुढे त्याचा तुसडेपणाही हरायचा.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी शाळेच्या सभागृहात खोक्यांची भिंत रचलेली होती. प्रत्येक खोकं चकचकीत कागदात गुंडाळलेलं, वर फीत. स्वयंसेवक बाया फितींची फुलं करण्यात गर्क होत्या. मामानं एक खोकं उचललं, हातावर तोललं आणि कुणाला न विचारता कागद फाडला. आत पुरुषांचे दहा नंबरचे काळे बूट होते. दुसरं फाडलं. उंच टाचेचे, बक्कल लावायचे बायकांचे सँडल. तिसऱ्यात दोन्ही बूट डाव्या पायाचे. चौथ्यात रबराला भेगा गेलेल्या चपला, ज्या त्यानं स्वतःच सहा वर्षांपूर्वी दुकानाच्या माळ्यावर टाकल्या होत्या. मुलांच्या मापाचे जोड सगळ्या भिंतीत मिळून पंधरा-वीस निघाले असते. माळा झाडून काढायचा होता, तेवढ्यात आनंद आठवला. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात. इथं बायजीनं आयजीचा कचरा उचलून पुण्य जोडलं होतं.

मामानं धाकट्या मालकांना बाजूला घेतलं. त्यांना लहानपणापासून तो ओळखत होता. दुपारी दुकानात झोप आली की हे बाळ मोठ्या बुटांच्या रिकाम्या खोक्यांवर आडवं व्हायचं आणि मामा त्याच्या डोक्याखाली मऊ कागद घालायचा. तरी नोकरीच्या सवयीनं तो त्यांना अहो-जाहोच करायचा. हे बूट मुलांना होणार नाहीत, असं त्यानं सांगितलं. धाकटे मालक हसून म्हणाले, की काका, मुलं वाढतातच की, घालतील पुढं. मामा हटत नाही म्हटल्यावर त्यांनी ठेवणीतली म्हण काढली.

"धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, काका."

"दात कोण मोजतंय," मामा म्हणाला. "मी पाय मोजतोय."

पण फलक छापून झाला होता. फोटोवाला ठरला होता. अध्यक्षांनी नवा कोट शिवला होता आणि त्याचं माप मात्र तीनदा घेतलं होतं. खोक्यांना पुन्हा कागद लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृह भरलं. पुढं मुलं, मागं त्यांच्या आया, व्यासपीठावर समिती. अध्यक्ष बोलायला उठले आणि लहान मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू या विषयावर इतका वेळ बोलले, की होतं नव्हतं ते हसू पेंगायला लागलं. मग वाटप. मामाचं काम एवढंच, की खोकं अध्यक्षांच्या हातात द्यायचं. मुलानं ते त्यांच्याकडून घ्यायचं, दोघांनी फोटोवाल्याकडे बघायचं, की पुढचं मूल. खोकी घरी जाऊन उघडायची, असं माइकवरून दोनदा बजावलं होतं.

पहिली मुलगी माझ्याच वर्गातली. सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. तिला खोकं मिळालं, फोटो निघाला आणि ती वळणार तेवढ्यात मामानं अध्यक्षांची खुर्ची पुढं ओढून तिला त्यावर बसवलं. दुखरे गुडघे टेकवून तो तिच्यापुढं बसला, खोकं उघडलं आणि ज्या हातानं हजारोंना बूट घातले त्याच सराईत हातानं तिच्या पायात बूट चढवला. दहा नंबर. मुलीनं खाली पाहिलं, थोडा विचार केला आणि दुसरा पायही त्याच बुटात घातला. दोन्ही मावले. ती दोन्ही पायांनी एका बुटात उभी राहिली आणि एक उडी मारली.

सभागृहात एकच हशा पिकला. अध्यक्षही हसले, कारण फोटोवाला समोर होता.

मामा तिथूनच, न उठता, फोटोवाल्याला म्हणाला, "साहेब, आता काढा फोटो. बूट आणि पाय, दोन्ही येऊ द्या."

तेव्हा हसू थांबलं. धाकटे मालक पुढं आले आणि दातओठ खात म्हणाले, की काका, उठा, तमाशा नको. मामा पहिल्यांदा त्यांना अरे-तुरे बोलला.

"तुझ्या बापानं कधी पाय बघितल्याशिवाय जोडा विकला नाही. आणि तू फुकट देतानाही बघत नाहीस?"

त्यानंतर जे झालं त्याला कार्यक्रम म्हणत नाहीत. अध्यक्ष अपमान झाला म्हणून निघाले, त्यांच्यामागं समिती, समितीमागं फिती बांधणाऱ्या बाया. टेम्पो बोलावून खोकीही गेली. मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावून विचारलं, की हे तुमचे सख्खे मामा का. सख्खे आहेत असं मी सांगितलं, आणि त्या क्षणी ते चुलत असते तर बरं झालं असतं, असंही मला वाटलं.

संध्याकाळी मामा विजयी वीरासारखा चहा पीत बसला होता. मामी त्याच्याशी बोलत नव्हती. तेवढ्यात दारात त्या दात पडलेल्या मुलीची आई आली. लोकांच्या इमारतींचे जिने पुसायचं काम करणारी बाई, आवाज न चढवता बोलणारी. ती आत आली नाही. उंबऱ्यापलीकडूनच म्हणाली, की मोठ्या बुटात चिंध्या भरता येतात, काका. नाहीतर मी घातला असता, नाहीतर तिच्या बापानं. तुम्ही त्यांचं नाक कापलंत ते चांगलं केलंत. पण पोरगी आज अनवाणी आली आणि अनवाणीच गेली.

मामानं अर्धा कप तसाच खाली ठेवला. चहा अर्धवट टाकताना मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. बाई निघून गेल्यावर मामी एवढंच म्हणाली, "त्यांनी पाय मोजले नाहीत आणि तुम्ही पोटं मोजली नाहीत. फरक काय पडला?"

सुट्टीला आठवडा उरला होता. दुसऱ्या दिवशी मामा मापाची लाकडी पट्टी आणि पेन्सिल घेऊन शाळेत हजर. मोठ्या बाई त्याला आत घेईनात. मी गयावया केली, आणि दप्तरं ठेवायच्या खोलीत बसायची परवानगी मिळाली. तीन दिवस तो तिथं बसला. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर एकेका मुलाचे दोन्ही पाय उभे करून पेन्सिलीनं कड काढायची, नंबर लिहायचा, रंग विचारायचा. रंग कशाला, असं मी विचारलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसा तो सात नंबर मागणाऱ्या आठ नंबरकडे बघायचा.

जगाला नावं ठेवणाऱ्या या माणसानं त्या तीन दिवसांत भोकं पडलेले मोजे पाहिले, चिखलानं काळ्या पडलेल्या टाचा पाहिल्या, बोटांवरचे जुने घट्टे पाहिले आणि एक शब्द काढला नाही. हलू नकोस, एवढंच खेकसायचा. एका मुलानं मोज्याचं भोक झाकायला पाय मागं ओढला, तर मामानं स्वतःचा मोजा काढून दाखवला. त्याचं भोक मोठं होतं.

मग त्या कागदांचा गठ्ठा घेऊन तो दुकानात गेला. सुट्टीच्या खरेदीची ऐन गर्दी. रिकाम्या स्टुलावर जाऊन बसला, तर जुन्या गिऱ्हाइकांनी त्याला ओळखलं आणि पाय पुढं केले. त्यानं मुकाट्यानं त्यांना बूट घातले. गठ्ठा शेजारी ठेवला होता. हे काय, असं जो तो विचारायचा आणि मामा खरं ते सांगायचा, आवाज जराही न वाढवता: शाळेतल्या मुलांचे पाय आहेत, यांना या दुकानानं दहा नंबर दिला होता. दुपारपर्यंत दोन गिऱ्हाइकं काही न घेता परत गेली.

धाकट्या मालकांनी त्याला मागच्या खोलीत नेलं. आत काय बोलणं झालं ते मामानं मला कधी सगळं सांगितलं नाही. आधी पोलिसांचं नाव निघालं, मग थोरल्या मालकांचं, असं फक्त कळलं. धाकट्या मालकांचं मन पालटलं वगैरे मी म्हणणार नाही. मन पालटणाऱ्याचा चेहरा इतका आंबट नसतो. गिऱ्हाइकं जात होती आणि मामा उठत नव्हता, हे त्यांना नीट दिसलं. मुलांच्या फळीवरचे बूट द्यायला ते तयार झाले. अध्यक्षांनी आणि बाकीच्यांनी मात्र, जिथं फलक नाही तिथं आपला हात नाही, असं कळवलं.

सुट्टी लागायच्या आधी दोन दिवस मुलं आयांबरोबर दुकानात आली. व्यासपीठ नव्हतं, माइक नव्हता. मूल गादीच्या बाकावर बसायचं आणि मामा त्याच्यापुढं. पहिल्या अर्ध्या तासात एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. प्रत्येक मूल म्हणत होतं, बरोबर होतोय. घट्ट असला तरी बरोबर, सैल असला तरी बरोबर. नाही म्हटलं तर परत घेतील, ही भीती. मग त्यानं विचारायचंच सोडून दिलं. बुटाच्या टोकावर अंगठा दाबायचा आणि म्हणायचा, तुझा अंगठा कुठाय ते दाखव. त्यात खोटं बोलता येत नाही. दात पडलेल्या मुलीनं लाल बूट घेतले, दुकानभर तीन फेऱ्या मारल्या आणि डावा चावतो म्हणून बेधडक सांगितलं. मामा इतका खूश झाला, की त्यानं तिला शहाणी म्हटलं. मामी तिथं असती तर तिनं ताप बघितला असता.

सगळ्यांना पुरले नाहीत. चाळीसेक मुलांचे नंबर फळीवर नव्हते; ते सुट्टीनंतर आले. तोवर काहींचे पाय वाढले होते आणि मामानं शिव्या घालत पुन्हा मापं घेतली. सहा जणांना शेवटपर्यंत मिळाले नाहीत. त्यांची नावं त्यानं मला दोन वर्षं ऐकवली, जणू बूट मीच लपवले होते.

वर्तमानपत्रात फोटो आला तो आनंद समितीचा. धाकटे मालक आणि अध्यक्ष लाल बुटांचा एक जोड धरून उभे. मूल फोटोत नव्हतंच. पुढच्या वर्षी समितीनं पाण्याच्या बाटल्या वाटल्या. बाटलीला नंबर नसतो. मामाला व्यासपीठावर बसायचं आमंत्रण होतं. गुडघे दुखतात असं त्यानं कळवलं आणि त्याच सकाळी पट्टी घेऊन दप्तरांच्या खोलीत येऊन बसला, कारण नव्या पहिलीचे पाय कुणी मोजलेच नव्हते. मापांचा गठ्ठा तो दर वर्षी धाकट्या मालकांच्या हातात नेऊन देतो. कधी बूट येतात, कधी अर्धे येतात, एका वर्षी नुसत्या नाड्या आल्या. नाड्या आल्या त्या दिवशी मामानं समितीबद्दल जे उद्गार काढले, ते शाळेच्या आवारात काढायचे नव्हते. मोठ्या बाईंनी खिडकीतून ऐकले आणि खिडकी लावून घेतली. पण त्याला बाहेर काढलं नाही.