डोळे मिटा

नारपोलीत माझ्या कापडाच्या लूमचे सुटे भाग दुरुस्त करणारे हे मिस्त्री आटे पाडायचा टॅप फिरवतात तसेच बोलतात, थोडं पुढे जाऊन थोडं मागे. "आज देतो, शेठ. म्हणजे, बघतो."

आरपार नसलेल्या भोकात आटे पाडताना आत साचलेला लोखंडाचा कीस ते सारखा फुंकून काढतात. फुंकण्याआधी "डोळे मिटा" म्हणतात आणि सगळं दुकान डोळे मिटतं.

परवा माझा लूम बंद पडलेला आणि मिस्त्री त्याच्याच एका भागात सावकाश आटे पाडत होते. मी वैतागून म्हणालो, "मिस्त्री, लावा ना जोर!"

त्यांनी टॅपचं हँडल माझ्याच हातात दिलं. "लावा. टॅप मोडला तर तुकडा आतच राहणार हाय."

मी जरासं फिरवलं. टॅप कुरकुरला. मी हँडल अलगद सोडलं आणि दोन कटिंग चहा सांगितले.

मिस्त्री भोकावर वाकले. "डोळे मिटा."

मी मुकाट्याने मिटले.