झग्यातले गोरे हात

लायडनमधल्या वाउटर रंगाऱ्याला लोक हातांवरूनच ओळखायचे. उभं आयुष्य निळीच्या पिंपात लोकर बुडवून ते कोपरापर्यंत निळे पडले होते. चर्चमध्ये प्रार्थनेला जोडले तरी निळे, पावाला लोणी लावताना निळे. त्याच्या बायकोला, लीझबेतला, त्यांची लाज वाटायची. ती चारचौघांत नजर दुसरीकडे वळवायची, आणि पुढं पुढं घरातही.

तिच्या बहिणीचा नवरा कापडाचा व्यापारी. जपानी रेशमी झग्यातलं त्याचं चित्र दिवाणखान्यात टांगलेलं होतं, आणि बहीण ते आल्यागेल्याला दाखवायची. असले झगे जपानहून डच व्यापारी कंपनीच्या जहाजांतून मोजकेच यायचे. झगा अंगावर आला की माणूस आपोआप मोठा होतो, अशी गावाची भाबडी समजूत होती.

वाउटर खोकल्यानं खंगला तेव्हा लीझबेतनं हट्टच धरला. चित्र काढायचं, आणि झग्यातलंच.

"अगं, रंगाऱ्याला कशाला हे सोंग?" वाउटर म्हणाला.

"गप बसा. नातवंडांनी आजोबा बघायला नकोत?"

हौसेला मोल नसतं. ज्यांच्याकडे झगा नाही त्यांचीही सोय गावात होती. चित्रकार झगा, खुर्ची, हात सगळं आधीच रंगवून ठेवायचा. गिऱ्हाईकानं फक्त तोंड घेऊन बसायचं. वाउटर दोन सकाळी धापा टाकत बसला. चेहरा हुबेहूब उतरला. पानगळीत तो गेला.

मातीला आलेली त्यांची लेक आल्टे चित्रासमोर उभी राहिली. "तोंड बाबांचं आहे," ती म्हणाली. "पण आई, हे हात कुणाचे गं?"

लीझबेतनं पाहिलं. झग्याच्या बाहीतून कुणा सुखवस्तू माणसाचे गोरे, मऊ हात बाहेर आले होते. हे हात तिला कधी शिवले नव्हते. तिला रडू कोसळलं. दुसऱ्या दिवशी ती चित्र काखोटीला मारून चित्रकाराकडे गेली.

"हात निळे करून द्या."

"बाई, झग्यात निळे हात? लोक हसतील."

"हसू द्यात. आजवर लाजले तेवढं पुरे झालं."

चित्रकारानं रंग कालवायला घेतला. "कसला निळा? नखांत गडद होता का? तळवा फिका होता का? सांगा, तसा करतो."

लीझबेतनं तोंड उघडलं. तिला काहीच सांगता येईना.