अर्धा कोयता, निळी पट्टी

केजहून धारूरला निघालेल्या एस.टी.त आम्ही चौघंच होतो. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता मला विचारलं, "मॅडम, धारूरलाच जायचं ना? यंदा तिकडं बगायला काय हाय?" मी म्हटलं, किल्ला आहे. तो हसला. "किल्ला हाय म्हना. तेवडाच ऱ्हायलाय."

शाळेतून निवृत्त झाल्यापासून दरवर्षी दिवाळीआधी एक किल्ला बघायचा, असा माझा नेम आहे. मी सांगलीकडची. आमच्या गावाला कालवा आहे, ऊस आहे, आणि घरचे सहकारी कारखान्याचे सभासद असल्यामुळे दिवाळीची साखर घरपोच येते. बालाघाटाचा चढ सुरू झाला तशी मी खिडकीबाहेर बघू लागले. पावसाने तिसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. बाजरी वीतभर वाढून जागच्या जागी वाळली होती, आणि टँकर कधी येईल याचा पत्ता नसताना रस्त्याकडेला घागरींची रांग लागली होती. केजच्या खानावळीत भाकरी-ठेचा पोटभर मिळाला होता, पण मालकाने पाण्याचा पेला अर्धाच भरला आणि स्वतःच लाजला. त्याचं ते लाजणं घाटभर माझ्या डोळ्यांपुढून हललं नाही.

किल्ला अजून दणकट आहे. आतलं तळं मात्र कोरडं ठणठणीत पडलं होतं आणि त्याच्या तळाशी उतरून बघण्याची दुर्बुद्धी मला झाली. सैल दगडावरून डावा पाय आतल्या बाजूला मुरगळला आणि मी मटकन खाली बसले. तीस वर्षं मुलींना खो-खो शिकवताना "पायाखाली बघा गं" म्हणून ओरडले, आणि स्वतः बुरूज बघत चालले होते!

खेळाच्या बाईंच्या पिशवीत मुरगळलेला सांधा बांधायची लवचिक चिकटपट्टी असतेच. माझी निळी आहे. पाय काटकोनात धरला, पट्टीच्या टोकांचे कोपरे कात्रीने गोल केले. आतल्या घोट्याच्या वरून सुरुवात करून पट्टी टाचेखालून घेतली आणि ताण देत बाहेरच्या बाजूने नडगीवर चढवली. दुसरी पट्टी टाचेभोवती आठच्या आकड्यात फिरवली. टोकं न ताणता चिकटवली आणि तळहाताने घासून गरम केली, म्हणजे ती धरून राहते. बोटं निळी पडली नाहीत ना, तेवढं पाहिलं. अर्ध्या तासात मी लंगडत का होईना, खाली आले. स्वतःवर इतकी खूश झाले होते की आता लाज वाटते.

दिंद्रुडकडे जाणाऱ्या वडापच्या जीपने मला अर्ध्या वाटेवरच्या एका गावात उतरवलं. पुढे जायला प्रवासी नाहीत, दुसरी गाडी येईल, असं ड्रायव्हर म्हणाला. समोर दूध संस्थेचं संकलन केंद्र होतं. दाराला कुलूप, ओट्यावर पालथे घातलेले कॅन. जनावरं चारा छावणीला गेली होती. मी ओट्यावर टेकले.

रस्त्यावर एक ट्रक उभा होता. त्यात पेट्या, चुलीची भांडी, ज्वारीची पोती, बांधून घातलेल्या कोंबड्या चढत होत्या. ऊस तोडायला टोळी निघाली होती. त्या गडबडीत एक बाई मात्र पत्र्याच्या पेटीवर पाय ठेवून बसली होती. घोटा आंबेहळदीच्या लेपाने माखलेला आणि वांग्यासारखा सुजलेला. तिचं नाव शेवंता. आदल्या दिवशी डोक्यावर दोन घागरी घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढताना पाय मुरगळला होता. गावातल्या पायाळू (पायाकडून जन्मलेल्या) माणसाकडून तिने पायावर लाथही मारून घेतली होती. त्यानं मुरगळ उतरते म्हणतात. उतरली नव्हती.

तिचा नवरा बंकट टोळीच्या मुकादमापुढे हात जोडून उभा होता.

"दोन दिसात चालती हुईल मालक."

"मला आज चालनारी पायजे," मुकादम म्हणाला. "कोयता म्हंजी जोडी. अर्धा कोयता घेऊन म्या काय करू? पलीकडच्या वस्तीवरली जोडी तयारच हाय."

मला उलगडा झाला तो शेवंताच्या सासूने समजावल्यावर. इथे कोयता म्हणजे हत्यार नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवऱ्याने तोडायचं, बायकोने मोळी बांधून डोक्यावरून गाडीत चढवायची. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्ध्याला ट्रकमध्ये जागा नसते. मागे राहायचं तर गावात ना काम, ना पाणी.

शेवंताची नजर माझ्या निळ्या पायावर गेली.

"बाई, तुमचा बी मुरगळलाय?"

"हो. सकाळीच."

"अन् तुमी चालताव कसं?"

मी पट्टी दाखवली. ती वाकून बघत राहिली. मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण तीस वर्षांची सवय. दुखरा पाय दिसला की माझे हात आधी पुढे होतात. हाड मोडलेलं नाही हे चाचपून पाहिलं. बाहेरचा सांधेबंध (लिगामेंट) चांगलाच ताणला होता.

"पट्टी ओल्या किंवा मळक्या पायाला धरत नाही," मी म्हटलं. "लेप धुवावा लागेल."

कुणीच हललं नाही. मग सासू घरात गेली आणि एक तांब्या घेऊन आली. अर्धा भरलेला. त्यातलं पाणी तिने चुळकाचुळकाने शेवंताच्या पायावर सोडलं, खाली परात धरली, आणि ते हळदीचं पाणी परत घरात नेलं. मी पदराने पाय कोरडा केला आणि पट्टी बांधली.

मुकादमाने भांड्यांचं गाठोडं तिच्या डोक्यावर दिलं. "चाल, त्या लिंबापस्तोर." शेवंता चालली. ओठ आत दुमडलेले, पण पाय सरळ. कडुलिंबाला हात लावून परत आली. मुकादमाने मान हलवली. बंकटने पेटी उचलली, सासूने माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. दूध संस्थेच्या ओट्यावर मला कोरा चहा मिळाला.

मी शेवंताला परत परत सांगितलं, "ही पट्टी पाय बरा करत नाही गं, नुसता आधार देते. तीन आठवडे पाय टेकू नकोस."

"व्हय बाई," ती म्हणाली आणि ट्रकमध्ये चढली. उरलेली गुंडाळी मी तिला दिली. फोन नंबरही दिला. ट्रक कुठे चालला विचारलं, तर मुकादमाने आमच्याच कारखान्याचं नाव घेतलं.

घरी आल्यावर डॉक्टरांनी मला तीन आठवडे विश्रांती सांगितली. मी उशीवर पाय ठेवून ती घेतली. दिवाळीची साखर आली, तीही पलंगावरूनच पाहिली. चौथ्या आठवड्यात फोन वाजला.

"बाई, शेवंता बोलती. पट्टी सरली. कुठं मिळती?"

मी दोन गुंडाळ्या घेऊन गेले. फड (तोड चाललेलं उसाचं शेत) आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर होता. शेवंता डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होती, दर पावलाला आधी उजवा पाय, मग डावा ओढून. खाली उतरली तेव्हा घोटा पाहिला. जुन्या पट्टीची चिंधी झाली होती, आणि ती सूज आता महिन्याभरात उतरणारी नव्हती. हा पाय जन्मभर दगा देणार, हे मला कळलं. मी बांधली नसती तर ती त्या ट्रकमध्ये नसती, हेही कळलं.

"शेवंता, आता बांधू नये. खरंच सांगते."

"न्हाई बांदली तर मुकादम दुसरी जोडी बगतो, बाई." तिने पाय पुढे केला. "बांदा."

बाजूने कालवा भरून वाहत होता. पाय धुवायला मी तिला तिकडे नेलं. एवढ्या पाण्याच्या काठावर बसून तिने जवळचा तांब्या बुडवला, अर्धाच भरला, आणि चुळकाचुळकाने पायावर सोडू लागली. मी पदराने तिचा पाय कोरडा केला, कात्रीने पट्टीचे कोपरे गोल केले, आणि बांधली.