न दिसणारा जोड

अन्याय झाला तो आमच्या प्रयोगशाळेतल्या मीडिया-रूमच्या, म्हणजे जिवाणूंचं खाद्य शिजवायच्या खोलीतल्या, अक्कावर. मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, इन्क्युबेटरसमोर, चार जणांच्या देखत. तिला काढलं सरांनी. पण सरांची मान तिच्याकडे वळली ती माझ्या एका वाक्यामुळे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणाला माझी कणव यायला नको.

बंगळुरात मल्लेश्वरमजवळच्या एका संशोधन संस्थेत मी प्रोजेक्ट असिस्टंट होते. सुट्टीच्या दिवशी यशवंतपूरच्या बाजारात हमालांच्या हक्कांची पत्रकं वाटायचे. अक्का जिवाणू वाढवायच्या प्लेट्स बनवायची. जेलीसारखं आगर शिजवायचं, जरा निवलं की अँटिबायोटिक मोजून घालायचं, मग ओतायचं. तिच्या घरचे शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलेले, त्यामुळे तिचं मराठी कानडीत बुडवून काढलेलं.

"काय गे, बोलतेस का भांडतेस? स्वल्प हळू."

"अक्का, पुण्यात याला प्रेमाने बोलणं म्हणतात."

"सरी सरी. मग रागावू नकोस हं कधी!"

आमचं काम होतं एका फिरत्या जनुकतुकड्यावर. हा तुकडा जिवाणूच्या गुणसूत्रात शिरून मुक्काम ठोकतो आणि येताना अँटिबायोटिकला न जुमानण्याची ताकद घेऊन येतो. त्याला आत जोडणारं एक प्रोटीन असतं. तेच त्याला कापून बाहेरही काढतं, पण एकट्याने नाही. त्याला दुसरं एक चिमुकलं प्रोटीन लागतं. हे चिमुकलं स्वतः काहीही कापत नाही. डीएनएला चिकटतं, त्याला वाकवतं आणि कापणाऱ्याला उलटी दिशा दाखवतं, बस. तुकडा सुटतो. मागची टोकं अशी जुळतात, की एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. ती जागा कितीही वाचा, इथे कुणी राहत होतं हे कळत नाही.

त्या मंगळवारी आमचे कंट्रोलचे जिवाणू, म्हणजे तुकडा आत असलेले आणि ज्यांना आम्ही मुद्दाम काहीच केलेलं नव्हतं ते, अँटिबायोटिकच्या प्लेटवर वाढलेच नाहीत. चारदोन ठिपके, बाकी नुसतं पिवळट, चकचकीत आगर.

"कंट्रोल मरतो कसा?" सर म्हणाले.

मी बोलले, "प्लेट्स अक्काने ओतल्यात."

त्यात खोटं काहीच नव्हतं. अक्का ट्रे घेऊन दारातच उभी होती. माझा सिनिअर म्हणाला, "मग औषध दुप्पट पडलं असणार." अक्का म्हणाली, मोजून घातलंय. सर तोवर माणसं पुरवणाऱ्या कंत्राटदाराला फोन लावत होते.

गुरुवारी मीडिया-रूममध्ये दुसरी बाई होती. तोच निळा कोट, तीच टोपी, तोंडावर मास्क. ऑटोक्लेव्हचा मोठा कुकर वाफ सोडत होता. सिनिअर डोकावला, "अक्का, दहा प्लेट्स."

"सरी," ती म्हणाली.

बाहेर येऊन तो मला म्हणतो, "अक्का आज गप्प गप्प आहे, नाही?"

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. "ती अक्का नाहीये. अक्काला काढलं. परवा, तुझ्यासमोर!"

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच भलतंसलतं बडबडतेय. मग "अच्छा" म्हणाला आणि गेला.

मी फ्रीजरमधून मूळ जिवाणू काढला आणि अक्काने ओतलेल्या उरलेल्या प्लेटवर लावला. दुसऱ्या दिवशी तो गच्च वाढला होता. औषध बरोबर होतं. मग त्या मंगळवारचे कंट्रोल ज्या फ्लास्कमध्ये वाढवले होते, त्यातून डीएनए काढून एक चाचणी केली. तुकडा गेला असेल आणि जागा मिटली असेल, तरच हिच्यात पट्टी उमटते. फोटो काढायच्या डब्याच्या अंधारात पट्टी उमटली. ठसठशीत.

तो फ्लास्क मीच त्या मंगळवारच्या आधीच्या शुक्रवारी लावला होता, अँटिबायोटिक न घालता. आमच्याकडे सगळेच तसं करतात, जिवाणू भराभर वाढतात म्हणून. मग तो तसाच फिरता ठेवून मी पत्रकं वाटायला गेले. तिकडे बंद खोलीत अन्न संपलं, आणि त्या उपासमारीत चिमुकल्या प्रोटीनला जाग आली. अँटिबायोटिक नव्हतंच, त्यामुळे जाणाऱ्याला अडवणारंही काही नव्हतं. फ्लास्क मंद घुमत राहिला आणि तुकडे एकेक करून निघून गेले. वरून पाहिलं तर नुसतं गढूळ पाणी.

मी सगळं लिहून सरांना दिलं.

"गुड. प्रयोग परत लाव."

"आणि अक्का?"

"आहे की अक्का." त्यांनी मीडिया-रूमकडे बोट केलं.

"आधीची, सर."

"ती आपल्याकडे होती असा कागद कुठाय? कंत्राटदार माणूस पाठवतो. आपण नावं ठेवत नाही."

मी तीन वर्षांच्या वह्या चाळल्या. प्रत्येक बाटलीचा क्रमांक होता, आगर किती, तापमान किती, सगळं होतं. ती कुठेच नव्हती. पानं सलग होती, मध्ये एक ओळसुद्धा सुटलेली नव्हती. कंत्राटदाराला फोन केला तर म्हणाला, "कुठली अक्का? माझ्याकडे सगळ्या अक्काच आहेत. नाव सांगा."

मला सांगता आलं नाही. एकेका हमालाचं नाव पत्रकात छापणारी मी, रोज हिच्याशी भांडत होते आणि हिला कधी नाव विचारलं नव्हतं. नवीन बाई म्हणाली, देवनहळ्ळीकडे गेली म्हणतात. मी दोनदा जाऊन आले. तिथल्या बसस्टँडवर काय विचारणार? निळा कोट पाहिलात का?

तिची नोकरी मी घालवली, आणि ती परत मिळवून द्यायला माझ्या हातात तिचं नावसुद्धा नाही. तुमच्या हातात अजून आहे. उद्या कामावर गेलात की तुमच्या प्लेट्स जी ओतते तिला पूर्ण नाव विचारा आणि वहीत लिहा, तुमच्या सहीच्या वर. उद्याच. तिच्याकडे बोट दाखवायची वेळ यायच्या आत.